पाहुण्या झाडांचा हिवाळा

(बऱ्हाणपूर येथे शिक्षक, शेतकरी व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी भुसावळहून गाडीने येताना सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा ही स्थानके एकामागून एक मागे पडत गेली आणि केळीच्या बागांनी थेट बऱ्हाणपूरपर्यंत सोबत केली. वाटेत कोठेतरी महाराष्ट्राची हद्द संपली व मध्यप्रदेशाची सुरू झाली. परंतु ती नेमकी कोठे, हे केळीच्या पानांवरून सांगता आले नसते. तापीच्या या खोऱ्यात भाषा जशी सीमा ओलांडून नांदते, तसेच पीकही नांदते आणि दुर्दैवाने थंडीही तशीच येते. सातपुड्यावरून उतरणारा पौषातला गारठा रावेरच्या बागेला एक आणि बऱ्हाणपूरच्या बागेला दुसरा, असा न्याय करीत नाही.

प्रारंभीच एक कबुली देणे माझे कर्तव्य आहे. मी प्रसिद्धी अधिकारी आहे आणि शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर. शेतीशास्त्रावर अधिकाराने बोलावे, अशी माझी योग्यता नाही. मात्र शास्त्रज्ञांनी सांगितलेले शेतकऱ्यांपर्यंत आणि शेतकऱ्यांनी अनुभवलेले कागदापर्यंत पोहोचविणे, हे माझे वीस वर्षांचे काम. त्या येरझाऱ्यांत जे कानी पडले, जे तपासून पाहिले आणि एकदा स्वतः चुकून जे शिकलो, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

पाहुणे कोण?

आपल्या अंगणाकडे एकवार पाहा. कुंपणावरची बोगनवेल मूळची ब्राझीलकडची. पांढरा चाफा आणि कर्दळ अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातून आलेली. रंगीबेरंगी पानांचा क्रोटन मलाया व मोलुक्का बेटांकडचा. कचेऱ्यांच्या आवारात पंख्यासारखी पाने पसरून उभा असतो तो 'ट्रॅव्हलर्स पाम' मादागास्कर बेटाचा. आणि जिच्याशिवाय आपली पूजा होत नाही, मांडव सजत नाही, ती केळ भारताच्या व आग्नेय आशियाच्या दमट अरण्यांची लेक. शतकानुशतके राहून ही मंडळी आपल्या घरची झाली. त्यांना आपण कोणी परके म्हणत नाही आणि म्हणूही नये. परंतु त्यांचा पिंड उष्ण व दमट हवेत घडलेला आहे. बारा महिने जेथे हिवाळा असा फारसा नसतो, तेथून ती आली.

तापीचे खोरे उन्हाळ्यात उष्णतेसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे येथे उष्ण देशीच्या झाडांना काय धास्ती, असे बाहेरच्या माणसाला वाटते. पण हा समुद्रापासून दूरचा, दोन डोंगररांगांमधला प्रदेश आहे. येथे दिवस आणि रात्र यांत, तसेच वैशाख आणि पौष यांत फार अंतर असते. उत्तरेकडून थंड वारे उतरू लागले की किमान तापमान दहा अंशांच्या खाली जाते. कधी कधी ते तेथेच तीन-चार रात्री मुक्काम करते. मैदानी प्रदेशात किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली येऊन नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी उतरले, की हवामान विभाग थंडीची लाट जाहीर करतो. माणूस अशा वेळी शेकोटी पेटवितो. झाडाला जागेवरून हलता येत नाही. जे करावयाचे ते आपणच करावयाचे असते.

थंडी झाडाला काय करते?

पाणी शून्य अंशावर गोठते. मग दहा अंशांवर केळीला बाधा का व्हावी? हा प्रश्न शिक्षकांनी वर्गात अवश्य विचारावा, आणि उत्तरासाठी एक प्रयोग करावा. एक पिकले केळे घरच्या फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसरे फळीवर. दोन-तीन दिवसांत फ्रीजमधल्या केळ्याची साल काळवंडते. फ्रीजमध्ये बर्फ होण्याइतकी थंडी नसते, तरीही साल बिघडते. म्हणूनच केळी वातानुकूलित गाड्यांतून पाठविताना तापमान तेरा-चौदा अंशांच्या खाली जाऊ देत नाहीत.

याचे कारण घरातल्याच दोन बाटल्यांत सापडते. हिवाळ्यात खोबरेल तेल थिजून पांढरे होते आणि शेजारच्या बाटलीतले तिळाचे तेल तसेच वाहते राहते. झाडाच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे एक अतिशय पातळ आवरण असते. पेशीत काय यावे आणि काय बाहेर जावे, हे त्या आवरणावर ठरते. गहू, हरभरा यांसारख्या थंडी सोसणाऱ्या पिकांचे आवरण तिळाच्या तेलासारखे. ते गारठ्यातही मऊ राहते. केळ, क्रोटन, जास्वंद यांचे आवरण खोबरेल तेलाच्या जातीचे. थंडीत ते घट्ट होते, त्याला बारीक फटी पडतात आणि पेशीतला रस पाझरू लागतो. दुसऱ्या दिवशी ऊन चढले की पान पिवळे किंवा तपकिरी पडते आणि कडेने करपते. आपल्याकडे याला 'थंडीचा चरका' म्हणतात. त्यात भर म्हणजे गार झालेल्या जमिनीतून मुळे पाणी नीट ओढू शकत नाहीत. त्यामुळे जमीन ओली असूनही झाड तहानलेले राहते.

रात्री झाडाला आकाश दिसू देऊ नका

थंडीच्या रात्री उष्णता जाते कोठे? ती आकाशात जाते. दिवसभर तापलेली जमीन व झाडे रात्री आपली ऊब वर सोडत असतात. आभाळ ढगाळ असेल तर ढग पांघरुणासारखे काम करतात. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर काहीच आडकाठी उरत नाही. चांदण्या जितक्या ठसठशीत, तितकी पहाट अधिक गार, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा अनुभव शास्त्राला धरूनच आहे. अशा रात्री उघड्यावरचे पान भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-चार अंशांनी थंड होऊ शकते. म्हणजे रेडिओवर नऊ अंश सांगितले, तरी आपल्या क्रोटनच्या पानावर सहाच अंश असू शकतात.

दुसरी गोष्ट, थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल जागी साचते. म्हणून नाल्याकाठच्या बागेला चरका आधी बसतो आणि जरा चढावरच्या बागेला उशिरा. नवी लागवड करताना जमिनीचा पोत आपण पाहतोच. थंडीचे तळे कोठे साचते, हेही पाहिले पाहिजे.

या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे अंगणातल्या झाडांसाठी एक साधा नियम हाती येतो. रात्री झाडाला आकाश दिसू देऊ नका. कुंड्या गच्चीवरून उतरवून ओट्याच्या छपराखाली किंवा दाट झाडाखाली आणा. उन्हाने तापलेल्या दक्षिणेकडच्या वा पश्चिमेकडच्या भिंतीलगत त्या एकमेकींना खेटून ठेवा. सुटी कुंडी चहूबाजूंनी गार होते. एकत्र ठेवलेल्या कुंड्या एकमेकींना धरून राहतात.

जमिनीत लावलेली झाडे हलविता येत नाहीत. त्यांच्यावर चार काठ्या रोवून जुने लुगडे, चादर किंवा गोणपाट टाका. येथे एक चूक हमखास होते. पुष्कळजण झाडाच्या शेंड्याला कापड गुंडाळून गळ्याशी दोरी आवळतात. माणसाच्या अंगात स्वतःची ऊब असते, म्हणून मफलर उपयोगी पडतो. झाडाच्या अंगात तशी ऊब नसते. ऊब येते ती जमिनीतून. तेव्हा पांघरूण तंबूसारखे थेट जमिनीपर्यंत पोहोचले पाहिजे, म्हणजे खालून वर येणारी ऊब आत अडकून राहील. प्लॅस्टिकचा कागद असेल तर तो पानांना टेकू देऊ नये. टेकलेल्या ठिकाणी पान हमखास करपते. सूर्य वर आला की पांघरूण काढावे, कारण जमिनीला उद्याच्या रात्रीची पुंजी दिवसाच्या उन्हातच साठवावयाची असते.

पाण्याविषयीही थोडे सांगतो. कोरड्या भुसभुशीत मातीपेक्षा ओलसर माती अधिक उष्णता साठविते. म्हणून लाटेचा इशारा मिळाला की आदल्या दिवशी दुपारी झाडांना पाणी द्यावे. संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडू नये. मात्र चाफ्यासारखे झाड पाने गाळून विश्रांती घेत असते. त्याच्या मुळाशी हिवाळ्यात पाणी साचले तर ते कुजते. त्याला कोरडेच राहू द्यावे.

तुळशीचे उदाहरण तर प्रत्येक घरातले. कार्तिकात तिचे लग्न थाटाने लागते आणि पौषात वृंदावनात काड्या उरतात. मग घरात काही अशुभ घडले की काय, अशी शंका काढली जाते. तसे काही नसते. तुळसही ऊबदार हवेचीच आहे. तुलसीविवाहानंतर जून मंजिऱ्या खुडून घ्याव्यात, म्हणजे बी धरण्यात तिची शक्ती खर्च होत नाही. रात्री वृंदावनावर कापडाचा आडोसा करावा. पूजेचे पाणी रोज सकाळी भरभरून ओतण्याऐवजी माती पाहून बेताने घालावे. गृहिणींनी एवढे सांभाळले तरी अनेक तुळशी संक्रांत पार करतील.

केळीच्या बागेचे काय?

अंगणातले झाड गेले तर मन खट्टू होते. बाग गेली तर वर्षाचा संसार उन्मळतो. दीड मीटर बाय दीड मीटर अंतराने लावलेल्या एका हेक्टरमध्ये सुमारे ४,४४४ झाडे असतात. त्या प्रत्येकावर पांघरूण घालणे कोणालाही शक्य नाही. तेथे उपाय वेगळे आणि बरेचसे आधी करावयाचे आहेत.

केळीचे ज्याला आपण खोड म्हणतो ते वास्तविक पानांच्या सोपटांची घट्ट गुंडाळी असते. खरा जीव जमिनीखालच्या कंदात. सोळा अंशांच्या खाली केळीची वाढ मंदावते आणि दहाच्या आसपास ती जवळजवळ थांबते. उबदार दिवसांत आठवड्याला एखादे पान टाकणारी केळ कडाक्याच्या थंडीत एका पानाला दोन-तीन आठवडेही घेते. सर्वांत मोठा धोका निसवणीच्या वेळी असतो. कंदापासून वर चढलेला घड नेमका त्याच दिवसांत बाहेर पडू पाहत असेल, तर दांडा आखडतो आणि घड गळ्याशी अडकतो. पुष्कळदा तो खोड फाडून बाजूने डोके काढतो. अशा घडाच्या फण्या वेड्यावाकड्या भरतात आणि व्यापारी त्याला भाव देत नाही.

यावर पहिला उपाय आहे दिनदर्शिका. ऊतिसंवर्धित ग्रँड नैन रोप साधारणतः सात-आठ महिन्यांनी निसवते. चैत्र-वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या सुमारास लावलेली बाग डिसेंबरात निसवणीला येते आणि नेमकी थंडीच्या तोंडी सापडते. जून-जुलैची मृगबाग बहुधा कडाका ओसरताना निसवते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कांदेबागेचा हिवाळा बालपणात जातो. वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात, परंतु घडाचा धोका टळतो. बाजारभावाचे गणित प्रत्येकजण मांडतोच. लागवडीची तारीख ठरविताना निसवणीची तारीख बोटांवर मोजावी, एवढीच विनंती आहे.

दुसरा उपाय वाऱ्याला आडोसा. उत्तरेकडून व पूर्वेकडून येणारा गार वारा पाने फाडतो आणि बागेतली ऊब पळवितो. लागवडीच्या वेळीच कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावले, तर डिसेंबरापर्यंत भिंत उभी राहते. ते राहून गेले असेल तर हिरव्या जाळीचे कापड बांधावे.

तिसरा उपाय पाणी, आणि तेही रात्रीचे. या बाबतीत बऱ्हाणपूरकरांना दूरचा दाखला देण्याची गरज नाही. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, येथे कुंडी भंडाऱ्याची रचना झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत झिरपणारे पाणी भुयारातून शहराकडे आणणारी ती अजोड व्यवस्था आहे. जमिनीच्या पोटात ऋतू पोहोचत नाहीत. वैशाखात गार लागणारे खोल विहिरीचे पाणी पौषातल्या पहाटे हाताला कोमट लागते. त्यामुळे ताज्या उपशाचे पाणी रात्री बागेला दिले, तर ते आपली ऊब मातीला व हवेला देते. ठिबक असेल तर लाटेच्या रात्री ते उशिरापर्यंत चालू ठेवावे. उघड्या शेततळ्यात गार झालेले पाणी मात्र हे काम करीत नाही. विजेचे वेळापत्रक आपल्या हाती नसते, हे मला ठाऊक आहे. म्हणून लाटेचा अंदाज आल्याबरोबर शेजारी-शेजाऱ्यांनी पाळी ठरवून घेणे बरे.

चौथा उपाय घडाला पिशवी. बारीक छिद्रे असलेली पातळ प्लॅस्टिकची पिशवी घडावर चढविली की आत दिवसाची ऊब राहते, फळ चांगले भरते आणि सालीवर डाग पडत नाहीत. खाली तोंड उघडे ठेवावे. काढणीनंतर या पिशव्या गोळा कराव्यात. बांधावर टाकू नयेत आणि जाळू तर मुळीच नयेत.

पाचवा उपाय धुराचा. त्याविषयी मोकळेपणाने बोलतो. पहाटे बागेत ओलसर पालापाचोळा पेटवून धूर करावा, अशी शिफारस आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. त्यात तथ्य आहे. मात्र ऊब मुख्यत्वे आगीची असते, धुराचा वाटा थोडा. म्हणून एक मोठा जाळ करण्याऐवजी वाऱ्याच्या बाजूने अनेक लहान ढीग मंद धुमसत ठेवावेत. वारा सुटला तर पेटवू नये. सुकलेल्या पानांपासून ढीग दूर असावेत, आणि विझेपर्यंत माणूस तेथून हलू नये. बाकीचे उपाय केल्यानंतरचा हा शेवटचा उपाय समजावा.

शेवटी, महाराष्ट्रात फळपिकांच्या हवामानावर आधारित विम्यात केळीसाठी कमी तापमान हा एक धोका धरला जातो. अटी व मुदती बदलत असतात. त्या कृषी कार्यालयात विचारून घ्याव्यात. सीमेच्या या बाजूच्या शेतकऱ्यांनी आपल्या उद्यानिकी विभागाकडे काय सोय आहे याची चौकशी लागवडीच्या वेळीच करावी. पान करपल्यावर केलेली चौकशी फक्त मनस्ताप देते.

माझी एक चूक

आता ठरल्याप्रमाणे माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी खानदेशात बदली झाली तेव्हा सरकारी निवासस्थानाच्या अंगणात माझ्या आईने लाल जास्वंद लावली होती. गणपतीला रोज फूल हवे, म्हणून तिचा तो हट्ट. जानेवारीतल्या एका लाटेत तीन रात्रींत जास्वंदीची पाने काळवंडून गळाली. मी दौऱ्यावरून परतलो आणि मोठ्या उत्साहाने कामाला लागलो. सगळ्या फांद्या बुंध्यापर्यंत छाटल्या, खत घातले, रोज बादलीभर पाणी दिले. दहा-बारा दिवसांत कोवळे कोंब फुटले. मी आईला म्हटले, "बघ, वाचवली की नाही?" फेब्रुवारीच्या आरंभी पुन्हा गारठा आला आणि ते सारे कोंब एका रात्रीत जळाले. पुन्हा फुटण्याइतकी शक्ती झाडात उरली नव्हती. पाण्याने मुळेही कुजली होती.

आमच्या कचेरीच्या पहारेकऱ्याच्या आईनेही तशीच जास्वंद लावली होती. तिचीही पाने गळाली होती. त्या बाईंनी काय केले? काही नाही. गोणपाटाचा आडोसा तेवढा तसाच ठेवला. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, होळी जळू द्या, मग पाहू." होळी झाली, आठवडाभराने त्या वाळक्या काड्यांवर हिरवे ठिपके दिसू लागले आणि आषाढात झाड पुन्हा माणसाएवढे झाले. त्या वर्षी आमच्या घरच्या गणपतीला फुले त्यांच्याच अंगणातून आली. आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त रोज सकाळी परडी घेऊन पाठविले मात्र मलाच.

तेव्हा मला उमगले ते असे. थंडीने पान जाते, फांदी जाते. पुष्कळदा झाड जात नाही. उरलेले काम आपली घाई करते. करपलेल्या फांद्या वाईट दिसतात, पण त्याच खालच्या जिवंत भागाला पांघरूण होतात. छाटणी व खत म्हणजे झाडाला 'ऊठ, वसंत आला' अशी खोटी हाक मारणे होय. म्हणून कार्तिकानंतर अंगणातल्या झाडांना नत्रयुक्त खत देऊ नये आणि होळीपर्यंत कात्री हाती घेऊ नये. शंका आली तर नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा, ओला भाग दिसला की झाड जिवंत आहे. तेथे तपकिरी दिसले तर आणखी खाली पाहावे. कर्दळीसारख्या झाडाचा वरचा भाग पूर्ण सुकला तरी जमिनीतला कंद शाबूत असतो.

केळीच्या बागेत मात्र एक अपवाद आहे. थंडीने पिवळेपणा येतो तसा हरण्या रोगानेही येतो. तो विषाणूजन्य असून मावा कीड त्याचा प्रसार करते. तेथे वाट पाहणे घातक. रोगट झाड उपटून नष्टच करावे लागते. करप्याने वाळलेली पानेही काढावी लागतात. हे थंडीचे की रोगाचे, असा संभ्रम पडला तर कृषी विज्ञान केंद्रातील किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्रातील तज्ज्ञांना पान दाखवावे आणि मगच निर्णय घ्यावा.

दूरदेशीचे अनुभव

या शहरावर ज्या मोगलांनी राज्य केले, त्यांचा मूळपुरुष बाबर. त्याने जलालाबादजवळ आदिनापूर येथे 'बाग-ए-वफा' नावाची बाग रचली आणि पंजाबच्या स्वारीनंतर तेथे केळी नेऊन लावल्या, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्या चांगल्या वाढल्या, हेही तो समाधानाने सांगतो. काबूलच्या बर्फात ते शक्य नव्हते. जेथे हिवाळा सौम्य आहे, अशी जागा त्याने निवडली होती. जपानमध्ये तर सतराव्या शतकातल्या एका कवीला शिष्याने केळीचे रोप भेट दिले. ते त्याच्या झोपडीपुढे रुजले आणि त्याच केळीवरून कवीने 'बाशो' हे नाव धारण केले. ती केळ फळांसाठी नसून शोभेची व धाग्याची आहे. आज इंग्लंडमधील बागप्रेमी तीच जात अंगणात लावतात. हिवाळ्याआधी पाने कापून खोडाभोवती जाळी उभी करतात आणि आत गवताचा पेंढा ठासून भरतात. इतके करूनही कधी वरचा भाग गोठून मरतो; तरी वसंतात कंदातून नवा कोंब येतो. जेथे बर्फ पडते तेथील लोक एका केळीसाठी इतका धीर धरतात. आपल्याला तर दोन महिने धीर धरावयाचा आहे.

शिक्षकांना विनंती

समारोपापूर्वी शिक्षकांना एक काम सुचवितो. शाळेच्या आवारात सावलीत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक किमान-कमाल तापमापक टांगावा. कार्तिकी पौर्णिमेपासून होळीपर्यंत मुलांनी रोज सकाळी त्या दिवसाचे किमान तापमान फळ्यावर व नोंदवहीत लिहावे. सोबत आकाश निरभ्र होते की ढगाळ, वारा होता की पडलेला, आणि शाळेच्या बागेतल्या कोणत्या झाडाचे काय झाले, याचीही नोंद ठेवावी. खर्च अल्प आहे. चार-पाच वर्षांत गावाची स्वतःची थंडीची वही तयार होईल. नाल्याकाठच्या वस्तीत आणि टेकडीवरच्या वस्तीत किती अंशांचा फरक पडतो, हे दूरच्या वेधशाळेला सांगता येणार नाही. आपल्या शाळेतली मुले सांगू शकतील. त्या वहीवरून एखाद्या शेतकऱ्याने लागवडीची तारीख पंधरा दिवसांनी बदलली आणि त्याचे घड सुखरूप बाहेर पडले, तर त्या तापमापकाची किंमत वसूल झाली असे समजावे.

मित्रहो, उष्ण देशातून आलेली ही झाडे आपल्या अंगणात फुलली, आपल्या शेतात फळली, आपल्या देवापुढे उभी राहिली. पाहुण्याची विचारपूस तो आजारी पडल्यावर करावयाची नसते; दिवे लागणीलाच अंथरूण-पांघरूण पाहून ठेवावयाचे असते. थंडीआधी तयारी आणि थंडीनंतर धीर, एवढ्या दोनच गोष्टी मी आपल्याकडे मागितल्या आहेत. यंदाच्या पौषात आपल्यापैकी कोणाची केळ पिवळी पडली, कोणाची तुळस सुकली, तर ती उपटण्यासाठी हात पुढे करण्यापूर्वी पहारेकऱ्याच्या आईचे ते वाक्य आठवावे. होळी जळू द्या, मग पाहू.